वजाबाकी

निवतीच्या बंदरापलीकडे, खडक जिथे
पालथ्या होड्यांसारखे पडलेत,
तिथे मी अवसेच्या ओहोटीला येतो.
चारला दुकान पुतण्यावर सोडून,
कुडाळहून स्कूटरवर, पाठीला तिकाटणं.

दिवसभर मी माणसांना सांगत असतो: हलू नका.
हनुवटी जरा वर. कान दिसू देत.
डोळे मिटले, परत एकदा.
सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग,
तेवढ्यातही माणूस हलतोच.

इथे कुणाला काही सांगायचं नसतं.
शेवाळ खरवडून तिन्ही पाय टेकवायचे,
मधल्या आकड्याला दगडांची पिशवी,
आणि काळी काच चढवायच्या आधी
सगळं ठरवून घ्यायचं: क्षितिज, लांबचं दीपगृह,
कालवांनी खरबरीत झालेला पुढचा खडक.
काच चढली की मलाही काही दिसत नाही.
बटण दाबून अडकवायचं
आणि मोजायचं.

सूर्य गेलेला असतो. उजेड लगेच जात नाही,
चपला घालूनही दारात बोलत राहिलेल्या पाहुण्यासारखा.

एकशे दहा. एकशे अकरा.
एक लाट खडकावर चढते, ओघळते,
ओघळ संपायच्या आत दुसरी.
एकशे साठला एक बाई वाकून चौकटीत शिरली,
काखेत रोवळी, हातात आकडी.
मी हाक मारणार होतो. मारली नाही.
काळ्या काचेला अशी चालती बाई कळतही नाही.

दोनशे चाळीस. बटण सोडलं.

यानंतर कॅमेरा एक काम आपलं आपण करतो.
पडदा मिटून, बरोबर तेवढाच वेळ,
तो नुसत्या अंधाराचा फोटो घेतो
आणि पहिल्यातून वजा करतो,
म्हणजे त्याच्या अंगच्या तापाचे लाल-निळे ठिपके
कुणाला दिसू नयेत.
ही चार मिनिटं मला काही काम नसतं.

ती जवळ आली. बघत राहिली.
"तू कुडाळचो मा? स्टँडाकडचो?
माझ्या घोवाक वऱ्हाडातसून कापून काढलंस,
तो तूच मा?"

शेवंती मेतर. आठवलं.
लग्नातला घोळका, मागची रांग,
खांद्यावर कुणाचा तरी हात.
बारा बाय पंधरा, काचेसकट.
हात मी पुसला होता,
त्या जागी शर्टाच्या रेघा जुळवल्या होत्या,
आणि त्या जुळल्या म्हणून स्वतःवर खूश होतो.

"बरो इललो फोटो," ती म्हणाली.
"पण तो हात ठेवूक व्हयो होतो.
माझ्या भावाचो तो."

कॅमेऱ्यावर लाल दिवा. अजून दीड मिनिट.
तिने एक कालव फोडलं,
आकडीच्या टोकावर पुढे केलं. खाल्लं.
खारट, थंड, शिंपल्याची एक कच दाताखाली.

मग पडदा उजळला. ती वाकली.
"हा काय? धूर?"
पाणीच आहे, म्हटलं.
"आणि मी?"
तू हललीस ना.
ती इतकी हसली की रोवळी हिंदकळली.
"उभी रवलंय तर कालवां कोण काढतलो?
बघ, तुझ्या तिकाटण्याचे पाय भिजले."

खरंच, पाणी चढायला लागलं होतं.
ती पुढे झाली, बॅटरी पेटवून,
कुठला दगड डुलतो ते मागे न बघता सांगत.
मी तिने सांगितलेल्या दगडांवरून.

रात्री दुकानाचं शटर अर्धं उघडून
जुनी फाइल शोधली.
हात तिथेच होता. दाबून धरलेला,
जरा जास्तच, जसा दाजींचा खांदा धरतात.
मनगटावर घड्याळ: बारा वाजायला सात मिनिटं.
मोठं करत गेलो, आणखी मोठं.
सेकंदकाटा काही सापडला नाही.